सातव्या महिन्यातलं आंबटगोड

बातमी कळली तेव्हा मधुसूदन सोमकुवर सीताबर्डीच्या एका दुकानात कुकरची रिंग घेत होता. दुकानदार विचारत होता, तीन लिटरची की पाच लिटरची, आणि मधुसूदनला ते ठाऊक नव्हतं. भावनाला विचारावं म्हणून त्याने खिशातून फोन काढला, तेवढ्यात फोनच वाजला. पलीकडे धोंडबा होता, भावनाचा धाकटा भाऊ. भावना दोन दिवसांपूर्वीच त्याच्याकडे, नरखेड तालुक्यातल्या माहेरी गेली होती.

“भाऊजी, ताईची तब्येत जराशी जास्त आहे,” धोंडबा म्हणाला. “तुम्ही या. घाई करू नोका. काही खाऊन घ्या अन् मंग निघा.”

मधुसूदनने रिंग काउंटरवर ठेवून दिली. घरात माणूस आजारी असलं की लोक ‘लवकर या’ म्हणतात. ‘खाऊन निघा’ असं कोणी म्हणत नाही. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला एवढं ओळखायला वेळ लागला नाही.

“केव्हा गेली?” त्याने विचारलं.

धोंडबा म्हणाला, “सकाळी. मी नाही नाही म्हणत होतो तरी मोटर चालू कराले विहिरीवर गेली. तिथंच बसली. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टर म्हणे उशीर झाला.”

“बरं,” मधुसूदन म्हणाला. “येतो मी.”

तो जूनचा महिना होता. भावनाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आले आणि गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी अस्मिताने फोनवर सांगितलं की तिला दिवस गेले आहेत. अस्मिता ही त्याची एकुलती एक मुलगी, लग्नाला चार वर्षं झालेली. भावनाने चार वर्षं या बातमीची वाट पाहिली आणि शेवटचे तीन आठवडे तिला पुरले नाहीत. मधुसूदनला आनंद झाला. आनंद झाल्याबरोबर तो सांगायला म्हणून स्वयंपाकघराकडे गेला, आणि दारातून परत आला.

एकट्या माणसाला काय काय शिकावं लागतं ते पुढच्या सहा महिन्यांत त्याला कळलं. वरणभात जमला. अंड्याचा रस्सा बऱ्यापैकी जमला. पोळी काही जमली नाही, ती तो कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणू लागला. इंदोऱ्यातलं घर तसं लहानच, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. तेवढं घर झाडायलाही सकाळ जायची.

डिसेंबरात, अस्मिताला सातवा महिना लागला तेव्हा, एका दुपारी तिच्या सासूचा फोन आला. विहीणबाई सरळ स्वभावाच्या. मनात एक आणि ओठावर एक असं त्यांचं नव्हतं.

“व्याहीबुवा, राग नोका मानू,” त्या म्हणाल्या. “पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे मलेबी मालूम आहे. पण तुमच्या घरी बाई नाही. पोरीले तेल कोण लावन? बाळाले आंघोळ कोण घालन? तुम्ही घालसान?”

“मले नाही येत.”

“तेच म्हणून राहिली मी. मंग आमच्याच इथं होऊ द्या. तुम्ही रोज येत जा, पोरीले पाहत जा. मनाई थोडीच आहे?”

“विचार करतो,” मधुसूदन म्हणाला.

“करा. पण विचार करून बाई नाही येत घरात,” विहीणबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाटलं असावं की जास्त झालं, कारण त्यांनी पुढे दोन मिनिटं त्याच्या गुडघ्याची चौकशी केली.

त्याला राग आला नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्यावर रागवता येत नाही, हीच पंचाईत होती. आई गेली की बापाचं घर उरतं, माहेर उरत नाही, असं त्याने कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा ते दुसऱ्यांच्या घराबद्दल असायचं. अस्मिता बाळंतपणाला आली नाही, तर पुढे ती पाहुणीसारखी येईल, चहा घेईल आणि निघेल. बाळ या घरात रांगणार नाही. ते होऊ द्यायचं नव्हतं. पण ‘पाठवा’ म्हणायचं तर कशाच्या जोरावर?

चार दिवसांनी जावयाचा फोन आला. प्रशिक मुळात कमी बोलणारा, त्यात सासऱ्याशी आणखी कमी.

“बाबा, अस्मिताचं वजन नाही वाढून राहिलं. डॉक्टर मॅडम बोलल्या. ती खातच नाही नीट.”

“काही मागते का?”

“मागत नाही. परवा मी धरमपेठेत ती काम करते त्या बँकेजवळच्या हॉटेलातून स्वीट अँड सॉर पोर्क पार्सल घेतलं. तिले आवडते म्हणून. गाडीतच बसलो. तिनं एक तुकडा खाल्ला अन् रडाले लागली. म्हणते, आईच्या आंबटगोडासारखं नाही.”

“डॉक्टरले विचारलं का? चालते का तिले?”

“विचारलं. चांगलं शिजलेलं असलं तर चालते म्हणे.” मग आवाज खाली करून तो म्हणाला, “बाबा, माझ्या आईले नोका सांगू. आमच्यात नाही खात ते.”

“आमच्यातबी नाही खात,” मधुसूदन म्हणाला.

ते खरं होतं. डुकराचं मटण त्या घरात भावनाने आणलं. ती बावीस वर्षं नर्सिंगच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये मेसचा स्वयंपाक करत होती. त्यात मिझोराम, मणिपूरकडच्या मुली असायच्या. रविवारी त्या स्वतः पोर्क आणून शिजवायच्या आणि भावना त्यांना कांदे चिरून द्यायची. एकीने तिला आंबटगोड करायला शिकवलं, व्हिनेगर आणि साखर घालून. भावनाने घरी येऊन व्हिनेगर काढून टाकलं आणि आपल्या माहेरच्या संत्र्यांचा रस घातला. साखरेच्या जागी गूळ घातला. अस्मिताला ते इतकं आवडलं की संत्र्यांच्या दिवसांत महिन्यातून दोन रविवार ठरून गेले.

पण तेव्हा मधुसूदनची आई होती. आई म्हणाली, हे माझ्या चुलीवर चढणार नाही. तेव्हापासून मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळी लोखंडी कढई, वेगळा झारा आणि दोन वेगळ्या ताटल्या. मायलेकी तिथंच बसून खायच्या आणि मधुसूदन पुढच्या खोलीत अंड्याचा रस्सा खायचा. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी शेगडी अंगणातच राहिली. आत आण असं कोणी म्हणालं नाही. म्हणायचं तर त्यानेच म्हणायचं होतं.

मुलीचे डोहाळे माहेराने पुरवायचे असतात. मधुसूदनने मनाशी ठरवलं. हे जमलं तर विहीणबाईंशी बोलायला तोंड राहील. नाही जमलं तर बोलायचं नाही. कोणाला काही न सांगता त्याने स्कूटर काढली.

कामठी रोडवरचं मटणाचं दुकान त्याला माहीत होतं. भावनाला तो तिथे नेऊन सोडायचा आणि रस्त्याच्या पलीकडे, पानठेल्याजवळ, दुकानाकडे पाठ करून उभा राहायचा. आता तो पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवर चढला. दुकानाचा मालक बंटी, तिशी-पस्तिशीचा, सुरी पुसत त्याच्याकडे बघत राहिला.

“काका, तुम्ही ते स्कूटरवाले ना? जे तिकडं तोंड करून उभे राहत होते?”

“हो.”

“आज इकडं कसं तोंड झालं? काकू नाही आल्या?”

“काकू नाही आता,” मधुसूदन म्हणाला. “जूनमध्ये गेली.”

बंटीने सुरी खाली ठेवली. शेजारी कोणी गिऱ्हाईक बोलत होतं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

“म्हणूनच,” तो म्हणाला. “दिवाळी झाली, संत्रा आला, तरी काकू काहून नाही आल्या, असं मी माझ्या घरी बोललो.” मग त्याने विचारलं, “काय पाहिजे तुम्हाले?”

“ती काय नेत होती?”

“तुम्हाले नाही माहीत?”

“मी तिकडं तोंड करून उभा होतो ना गा.”

बंटी हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर थोडं मऊ काही आलं. “खांद्याचं. चरबी एका बोटाएवढी. काकू म्हणत होत्या, चरबी सगळी काढशील तर तुझ्याच घरी जेव. तुकडे मीच करून देतो काका, तुमच्याकडून नाही होणार बारीक.” त्याने सावकाश, सारख्या मापाचे तुकडे केले. एवढ्या सारख्या मापाचं काम मधुसूदनने वर्कशॉपमध्येही क्वचित पाहिलं होतं. निघताना बंटी म्हणाला, “नाही जमलं तर परत या. आपण अजून करू.”

त्या ‘आपण’चा मधुसूदनला घरापर्यंत आधार वाटला.

मधुसूदनने बोलावल्यावरून सिंधूताई शनिवारी सकाळी आल्या. त्या भावनाबरोबर त्याच मेसमध्ये होत्या, अजूनही आहेत. अंगणात पाट टाकून बसल्या आणि शेगडीसमोर बसलेल्या मधुसूदनला सांगू लागल्या. आधी मटण मीठ आणि आलं घालून शिजवायचं, बोटाने तुटेल एवढं. मग कढई चांगली तापू द्यायची, तेल कमी, कारण चरबी आपलं तेल सोडते. तुकडे लाल होईपर्यंत परतायचे. मग लसूण, सुकी मिरची, मोठे चिरलेले कांदे आणि शिमला मिरची, हे सगळं मोठ्या आचेवर, कच्चेपणा थोडा राहू द्यायचा. मग सोया सॉस. मग गूळ.

“गूळ किती?”

“अंदाजानं.”

“अंदाज म्हणजे किती?”

“अंदाज म्हणजे अंदाज, भाऊ. तुम्ही गाडीचा नट कसत होते तेव्हा किती कसत होते?”

“त्याले टॉर्क रेंच असते. त्याच्यावर आकडा दिसते.”

“मंग तुमच्या रेंचनं कालवा,” सिंधूताई म्हणाल्या. “मले तर वाटते भावना तुमच्यासंगं राहिली हेच नवल आहे.”

रसाचं मात्र सिंधूताईंना ठाऊक नव्हतं. मेसमध्ये व्हिनेगरच असायचं. मधुसूदन म्हणाला, त्याची काळजी करू नका. त्याने बाजारातून आणलेली सहा संत्री सोलली, फोडी मिक्सरच्या भांड्यात टाकल्या आणि बटण दाबलं. हाताने होतं त्यापेक्षा यंत्राने चांगलं होतं, हे त्याने जन्मभर मानलं होतं. रस फेसाळ, केशरी निघाला. तो त्याने कढईत ओतला आणि दाट व्हावा म्हणून दहा मिनिटं उकळू दिला. वास चांगला आला. धूरही चांगलाच आला. शेगडी भिंतीजवळ होती आणि धुराला जायला जागा नव्हती, त्यामुळे तो सगळा तोंडावरच यायचा. डिसेंबरातही त्याच्या कपाळावर घाम आला होता. भावना इथे कधीकधी मार्चच्या शेवटालाही बसायची, मृग बहाराची, उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी संत्री संपेपर्यंत. तेव्हा दुपारी या भिंतीला हात लावता येत नाही.

“चाखा,” सिंधूताई म्हणाल्या.

“मी?”

“नाही तर कोण? तुमची पोरगी येऊन चाखन का मंग? न चाखता जेवण वाढते का कोणी?”

त्रेसष्ट वर्षांत मधुसूदनने डुकराचं मटण तोंडात घातलं नव्हतं. त्याने एक तुकडा उचलला, फुंकर घातली आणि खाल्ला. मटण मऊ होतं आणि त्यात वाईट काही नव्हतं. उलट चरबीची एक गोडी होती. पण लगेच मागून कडवटपणा आला, आणि जिभेवर बसला तो उठेना. कडुनिंबाची काडी चावल्यासारखा.

सिंधूताईंनी एक तुकडा खाल्ला, दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून थुंकला आणि म्हणाल्या, “भाऊ, पोरीले मारता का?”

त्याने गूळ वाढवला. ते कडू आणि गोड झालं, म्हणजे आधीपेक्षा वाईट. सोया सॉस जळलं असेल म्हणून त्याने थोडं मटण वेगळं काढून बिनसॉसचं केलं. तेही कडू. कढई जुनी, तिला काही लागलं असेल म्हणून ती राखेने घासली. एखाद्या गाडीचा बिघाड सापडत नसला की तो एकेक भाग सुटा करून बघायचा. इथे सगळे भाग सुटे केले तरी बिघाड सापडत नव्हता. सिंधूताई दुपारी मेसच्या वेळेला निघाल्या. जाताना त्यांनी दाराशी त्याच्या हाताला हात लावला.

संध्याकाळी त्याने धोंडबाला फोन केला. जूनपासून दोघांचं बोलणं कमी झालं होतं. धोंडबाला वाटायचं, बहीण आपल्या विहिरीवर गेली, म्हणजे दोष आपला. मधुसूदनला ते कळायचं, पण त्यावर काय बोलावं ते कळायचं नाही. आता निदान बोलायला कडू मटण होतं. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, अगदी मिक्सरच्या बटणापर्यंत.

“थांबा, थांबा,” धोंडबा म्हणाला. “बिया काढल्या होत्या का?”

“कशाच्या बिया?”

“संत्र्याच्या, भाऊजी. कशाच्या म्हणजे काय? मिक्सरमध्ये बी फुटली की रस कडू होते. अन् वरून तुम्ही तो उकळला? दहा मिनिटं?” धोंडबा हसू लागला. आधी हळू आणि मग आवरेना असा. “आमच्या इथं लेकराले बी मालूम राहते हे. तीस वर्षं झाली संत्रेवाल्याचे जावई होऊन.”

“मले खायचं मालूम होतं. काढायचं काम तुझ्या बहिणीकडं होतं.”

हसणं थांबलं. पलीकडे मोटरपंपाचा आवाज ऐकू आला.

“ताई ताटात हातानं पिळत होती,” धोंडबा म्हणाला. “फोडीचा पापुद्रा काढून. मागच्या वर्षी आंबिया बहाराच्या, दिवाळीनंतरच्या तोडणीच्या वेळेस आली होती तेव्हा तिनं आमच्या मांडवात केलं होतं, मी पाहिलं. आच बंद करून मंग रस टाकला. वरून. उकळू नाही दिला. मी म्हणलं कच्चा राहीन, तर म्हणते, तुले काय समजते, तू झाड पाहा.”

“अजून काय म्हणे?”

“अजून म्हणे, तुझे भाऊजी खाऊन नाही पाहत, पण वास आला की पुढच्या खोलीतून दोनदा पाणी प्याले आत येतात.”

मधुसूदनला वाटायचं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“भाऊजी,” धोंडबा म्हणाला, “बाजारातली संत्री नोका घेऊ. बुधवारच्या सकाळच्या गाडीनं पाठवतो. कंडक्टरजवळ थैली देतो.”

“पाठव,” मधुसूदन म्हणाला. “अन् धोंडबा, त्या दिवशी विहिरीवर ती तिच्याच मनानं गेली होती. तिले कोणी थांबवू शकत नव्हतं. मीबी नाही.”

“हो, भाऊजी,” धोंडबा म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी नाक ओढल्याचा आवाज आला.

बुधवारी थैली आली. कंडक्टर वर्कशॉपच्या दिवसांपासून ओळखीचा. त्याने मधुसूदनला उतरू दिलं नाही, थैली स्वतः आणून स्कूटरवर ठेवली. संत्री थोडी सैल सालीची, झाडावर पिकलेली, पानासकट तोडलेली. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार मधुसूदनने बटाट्यांवर सराव केला. बटाटे उकडून, परतून, आच बंद करून, वरून हाताने पिळलेला रस. गुरुवारचे गोडमिट्ट झाले, शुक्रवारचे पचपचीत. शनिवारी जे झालं ते त्याने उभ्या उभ्या, कढईतूनच संपवलं.

मग त्याने अस्मिताला फोन केला. “रविवारी जेवाले या सगळे. तुझ्या सासूबाईलेबी आण.”

“बाबा, तुम्ही काय करून राहिले?”

“जेवण करून राहिलो. ये तू.”

शेगडी त्याने रविवारी सकाळीच उचलली आणि अंगणाच्या कोपऱ्यात उलटी करून ठेवली. कढई आत आणली आणि स्वयंपाकघरातल्या गॅसवर चढवली. मदतीला आलेल्या सिंधूताई दारात थबकल्या.

“तुमची आई काय म्हणली असती, भाऊ?”

“म्हणली असती ते मी ऐकून घेतलं असतं,” मधुसूदन म्हणाला. “तेव्हाच शेगडी आत आणून ऐकून घ्याले पाहिजे होतं.”

बंटीने या वेळी मटण आधीच काढून ठेवलं होतं. विहीणबाईंसाठी अंड्याचा रस्सा वेगळ्या पातेल्यात शिजला. बारा वाजता सगळे आले. अस्मिताचे गाल बसले होते आणि पोट पुढे आलं होतं, दोन्ही एकाच माणसाची वाटत नव्हती. ती पुढच्या खोलीत बसायला गेली, पण बसली नाही. वासाने तशीच स्वयंपाकघरापर्यंत आली. गॅसवरची कढई बघितली, बापाकडे बघितलं, आणि खाली पाटावर बसली.

मधुसूदनने आच बंद केली. ताटात पिळून ठेवलेला रस वरून सोडला, दोनदा झारा फिरवला आणि तिला वाढलं. भात बाजूला. तो उभाच राहिला.

अस्मिताने एक घास घेतला. मग दुसरा.

“आईचं असं नव्हतं,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“आईच्यात गूळ जास्त राहत होता. अन् कांदा तुम्ही लयच मोठा कापला. कांदा आहे की बटाटा?”

“पुढच्या वेळेस बारीक कापतो.”

“आई लसूण शेवटी टाकत होती.” ती खात होती. बोलत होती आणि खात होती. “मले वाटत होतं, हे आता कधीच नाही भेटणार.” तिचे डोळे भरले, पण तिने हात थांबवला नाही. “वाढा अजून.”

त्याने वाढलं. तिने तीनदा घेतलं. प्रशिक दारातून हे बघत होता. त्याने फक्त एकदा सासऱ्याकडे बघून मान हलवली, आणि मधुसूदनला ते पुष्कळ झालं. त्याच्या मनात एकामागून एक माणसं आली. बंटी, सिंधूताई, धोंडबा, तो कंडक्टर. मिझोरामची ती मुलगी, जिचं नावही त्याला माहीत नव्हतं. तिने कुठल्यातरी रविवारी भावनाला जवळ बसवून हे शिकवलं होतं. आणि भावना. वीस वर्षं धुरात बसून तिने जे केलं, त्यातलं एवढं तरी या घरात उरलं होतं आणि मुलीच्या पोटात जात होतं. त्याने मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले, आणि सगळ्यांत जास्त तिचे.

विहीणबाई अंड्याचा रस्सा खाऊन हात धुवायला आत आल्या. त्यांनी सुनेचं पुसून काढलेलं ताट बघितलं. कढईही बघितली.

“हे कशाचं आहे?” त्यांनी विचारलं.

प्रशिकने छताकडे पाहिलं.

“डुकराचं आहे,” मधुसूदन म्हणाला. “पोरीले डोहाळे लागले होते. मी केलं.”

“तुम्ही खाता?”

“मागच्या शनिवारपासून.”

विहीणबाईंनी सुनेकडे बघितलं. अस्मिता बोट चाटत होती. “माझ्या घरी चार महिन्यांत इतकं जेवली नाही ही,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, नोंद केल्यासारखं. मग पाटावर बसल्या. “बोला व्याहीबुवा. तुम्ही मले नुसतं रस्सा खाऊ घालाले नाही बोलावलं.”

मधुसूदनने आठवडाभर जे वाक्य मनात जुळवलं होतं, ते सगळं तो विसरला. जे होतं ते त्याने सांगितलं. “मले तेल लावता येत नाही. बाळाले धुता येत नाही. सिंधूताई सकाळी येईन म्हणतात, मेसच्या आधी. धोंडबाची बायको पहिले बारा दिवस राहीन. बाकीचं मी शिकतो. हे बी येत नव्हतं. पहिल्या वेळेस विष झालं होतं.”

“विषच होतं,” दारातून सिंधूताई म्हणाल्या. “मी साक्षीला आहे.”

“पाठवा तिले,” मधुसूदन म्हणाला. “तिची आई असती तर तुम्ही पाठवलंच असतं.”

विहीणबाई अस्मिताला म्हणाल्या, “तुले काय वाटते वं? तुले कोणी विचारलंच नाही.”

“मले इथं यायचं आहे,” अस्मिता म्हणाली. “पण आई, तुम्हीबी पाहिजे. बाबा बाळाले टॉर्क रेंच लावतीन.”

विहीणबाई हसल्या, मोकळ्या, पोट धरून. “मी सुनेच्या माहेरी येऊन राहू? लोक काय म्हणतीन?”

“म्हणू द्या,” मधुसूदन म्हणाला. “आम्ही ऐकून घेऊ.”

“मंग माझ्या नावाची एक खाट टाका,” त्या म्हणाल्या, “अन् माझ्यासमोर ते करायचं नाही.” त्यांनी कढईकडे बोट दाखवलं. “मागं करा, समोर करा, पण मी जेवताना नाही.” एवढ्यावर गोष्ट ठरली. जाताना दारात त्या थांबल्या. “बाळाले मऊ कपडा लागते, नवीन नाही चालत. अस्मिताच्या आईच्या जुन्या सुती साड्या असतीन ना? त्याचे दुपटे शिवून ठेवा.”

“आहेत,” मधुसूदन म्हणाला.

डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या शेवटची तारीख दिली आहे. दोन महिने हातात आहेत. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, तिला रंधा मारून घ्यायचा आहे. खाट एकच आहे, अजून दोन लागतील. डिंकाचे लाडू कोण करणार ते ठरलेलं नाही. आणि साड्या कपाटात आहेत, ते कपाट त्याने जूनपासून उघडलेलं नाही. ते उघडायचं राहिलं आहे.